खासगी रुग्णालयाचं बिल: वाचायचं कसं, हरकत घ्यायची कशी

रुग्णालयाच्या बिलाबद्दल माणसाच्या दोन तक्रारी असतात आणि तो त्या एकाच दमात करतो. एक, बिल फार आहे. दुसरी, बिल चुकीचं आहे. काउंटरवर गेल्यावर आधी या दोन वेगळ्या करा, कारण पहिलीला महाराष्ट्रात आज फारसा कायदेशीर आधार नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. खासगी रुग्णालयाने खाटेचे किंवा शस्त्रक्रियेचे किती पैसे घ्यावेत याला त्यात मर्यादा नाही. मोठा अपवाद करोनाकाळाचा. मे २०२० मध्ये सरकारने खाटेच्या प्रकाराप्रमाणे दिवसाला ४,०००, ७,५०० आणि ९,००० रुपये असे दर बांधून दिले, बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले आणि पुष्कळांना जादा घेतलेले पैसे परत मिळाले. साथ ओसरली तशी ती व्यवस्थाही गेली.

दुसरी तक्रार मात्र भक्कम असते. न दिलेलं इंजेक्शन बिलात लागलं, खोलीभाड्यात यायला हवी ती गोष्ट वेगळी धरली, औषध एमआरपीच्या वर लावलं, न सांगता खर्च वाढवला, न झालेली व्हिजिट लिहिली. इथे दर योग्य की अयोग्य असा वाद घालावाच लागत नाही. कागद पुढे ठेवला की रुग्णालयाला उत्तर द्यावं लागतं. म्हणून या लेखाचा भर एकाच गोष्टीवर आहे: पूर्ण बिलावर भांडू नका, ओळींवर भांडा.

आधी हातात काय आहे ते पाहा

राज्य सरकारने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दरपत्रक रुग्णालयाने दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. तक्रारींसाठी स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकरणाने तक्रार निवारण कक्ष आणि टोल-फ्री क्रमांक ठेवायचा आहे. महापालिका क्षेत्रात हे काम पालिकेच्या आरोग्य खात्याकडे असतं, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. प्रत्यक्षात सनद पुष्कळदा लिफ्टमागच्या भिंतीवर असते आणि दरपत्रक ‘रिसेप्शनला विचारा’ या पाटीपुरतं. तरीही दाखल झाल्या दिवशी दोन्हींचे फोटो काढून ठेवा. ती लावलेलीच नसतील तर त्या रिकाम्या भिंतीचाही काढा, तक्रारीत उपयोगी पडतो.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये १७ हक्कांची सनद तयार केली आणि २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती राज्यांकडे अंमलासाठी पाठवली. बिलाच्या दृष्टीने त्यातले कामाचे हक्क असे: दर आधी कळणं, तपशीलवार बिल मिळणं, औषधं आणि चाचण्या कुठून घ्यायच्या हे स्वतः ठरवणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं, आणि तक्रारीचं लेखी उत्तर १५ दिवसांत मिळणं. सनद म्हणजे कायदा नव्हे, पण पत्रात तिचा आधार घेतला की पत्राचं वजन वाढतं.

खरं हत्यार आहे ते कागदपत्रांचं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. झेरॉक्सचा वाजवी खर्च ते घेऊ शकतात. ‘पूर्ण बिल भरल्यावरच केस पेपर देऊ’ ही अट या नियमात नाही.

दाखल होताना

तातडीची वेळ असेल तर पैशांची चर्चा थांबू द्या, उपचार सुरू होऊ द्या. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे की जीव वाचवण्याचं कर्तव्य सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरवर आहे. धर्मादाय रुग्णालयाला तर तातडीच्या रुग्णाकडून डिपॉझिट मागून उपचार अडवता येत नाहीत.

धर्मादाय रुग्णालय ओळखणं हा पैसे वाचवायचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग. मुंबई-पुण्यातली कित्येक नामांकित, चकचकीत रुग्णालयं सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. शिवाय बिलांच्या एकूण रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे असतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १,८०,००० रुपये आणि दुर्बलांसाठी ३,६०,००० रुपये आहे. लागणारे कागद म्हणजे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात, म्हणजे मेडिकल सोशल वर्करकडे, पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या. ‘खाटा भरल्या आहेत’ असं तोंडी सांगितलं तर ते लिहून मागा. डिस्चार्जच्या दिवशी अर्ज केला की ‘आता बिल बंद झालंय’ हे उत्तर ठरलेलं.

दुसरा प्रश्न पहिल्याच तासात विचारायचा: हे रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, आणि हा उपचार योजनेत बसतो का? ही योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना ती खुली आहे आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेसाठी मदत करणारा माणूस, बसतो. तो जागेवर नसेल तर १५५३८८ वर फोन करा. योजनेतल्या उपचाराचे वर पैसे मागितले तर ती थेट योजनेकडे करायची तक्रार आहे, तिच्यासाठी बिलाची चिरफाड करत बसू नका.

यांपैकी काहीच लागू नसेल तर इस्टिमेट घ्या, लेखी. त्यात चार गोष्टी हव्यात: अंदाजे दिवस, खोलीचा वर्ग, शस्त्रक्रियेचं पॅकेज असेल तर त्यात काय धरलं आहे आणि काय नाही, आणि इम्प्लांट लागणार असेल तर त्याची कंपनी व किंमत. गुंतागुंत झाली तर आकडा वाढणार, हे मान्यच आहे. पण वाढ होताना सांगणार का, आणि कोणाला सांगणार, हे लिहून घेता येतं.

खोली निवडताना एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पुष्कळ रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की फक्त भाडं बदलत नाही. डॉक्टरची व्हिजिट, नर्सिंग, चाचण्या, सर्जनची फी असे जवळजवळ सगळे दर त्या वर्गाप्रमाणे चढतात. ट्विन शेअरिंगमधून सिंगल रूमला जाताना दिवसाचे दोन हजार वाढतील असा हिशेब आपण करतो आणि शस्त्रक्रियेची ओळ कितीतरी पटींनी फुगते. जनरल वॉर्ड भरलाय म्हणून रुग्णालयाने स्वतःहून वरच्या खोलीत ठेवलं असेल, तर ‘जनरल वॉर्डच्या दराने आकारणी होईल’ हे फाइलवर लिहून घ्या.

आणि कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नका. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही. जीव वाचवण्यासारखी निकड नसेल तर नव्याने विचारावं लागतं. बिलात एखादी ‘जास्तीची प्रोसिजर’ दिसली तर तिचं संमतीपत्र कुठे आहे, हा तुमचा पहिला प्रश्न.

मुक्काम चालू असताना

एक वही ठेवा. रोज चारच नोंदी: कोणते डॉक्टर किती वाजता आले, कोणत्या चाचण्या झाल्या, कोणती महागडी इंजेक्शनं दिली, कोणतं यंत्र लावलं किंवा काढलं. ऑक्सिजन कधी सुरू, कधी बंद, ही वेळ जरूर लिहा, कारण तो तासांवर लागतो. नातेवाईक बदलत असतील तर व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटावर नोंद टाका. वेळ आपोआप उमटते आणि पुढे पुराव्याला बरी पडते.

दर दोन दिवसांनी इंटेरिम बिल, म्हणजे तोवरचं बिल, मागा, तपशिलासकट. पाचव्या दिवशी दिसलेली चूक काउंटरवरचा माणूस दोन मिनिटांत दुरुस्त करतो. तीच डिस्चार्जच्या संध्याकाळी दिसली की ती ‘सिस्टीममध्ये लॉक’ झालेली असते.

औषधं रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती करता येत नाही. बाहेरून आणलीत तर बिल आणि बॅच क्रमांक जपा, औषध वॉर्ड सिस्टरच्या हाती देताना फाइलवर नोंद करून घ्या. सतत थंड ठेवावी लागणारी औषधं किंवा ऐन शस्त्रक्रियेत लागणारं सामान बाहेरून आणण्याचा हट्ट मी तरी धरणार नाही. रोजच्या अँटिबायोटिकची गोष्ट वेगळी. तिथे फरक मोठा असू शकतो, आणि त्याचं कारण एमआरपीमध्येच दडलेलं असतं. औषध किंमत नियामक प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांच्या बिलांचा अभ्यास केला तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत आढळला. रुग्णालयं मोठी खरेदी करतात, म्हणून छापील किंमतच त्यांच्या सोयीने चढी ठेवली जाते. तेव्हा ‘आम्ही एमआरपीनेच लावतो’ हे वाक्य खरं असूनही तुमचा खिसा कापला जाऊ शकतो. डॉक्टरांना जेनेरिक नावाने प्रिस्क्रिप्शन मागा आणि ‘फार्मा सही दाम’ या सरकारी अ‍ॅपवर कमाल किंमत पाहा.

बिल उघडल्यावर

‘फायनल बिल’ म्हणून बहुधा एकपानी गोषवारा देतात: रूम, फार्मसी, इन्व्हेस्टिगेशन, प्रोफेशनल चार्जेस, अदर्स. त्यावर काहीच तपासता येत नाही. तारीखवार ब्रेक-अप मागा, फार्मसीची सगळी बिलं आणि परतीच्या नोंदी मागा. शेजारी तीन कागद ठेवा: तुमची वही, डिस्चार्ज समरी आणि केस पेपरमधली नर्सिंग शीट, म्हणजे सिस्टरनी औषधं कधी दिली त्याची नोंद. मग तारखेने जा, खात्याने जाऊ नका. खात्याने गेलात तर आकडे एकमेकांत मिसळतात. तारखेने गेलात तर ‘त्या दिवशी हे झालं का?’ एवढाच प्रश्न उरतो.

दिवस मोजा. काही रुग्णालयं २४ तासांचा दिवस धरतात, काही मध्यरात्री पान उलटतात, काही सकाळच्या ठरावीक वेळेला. रात्री अकराला दाखल झालेल्या रुग्णाचे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन दिवस लागले असतील तर नियम कुठे लिहिला आहे ते विचारा. आयसीयूतून वॉर्डात हलवलं त्या दिवशी दोन्ही खाटांचं पूर्ण भाडं लागलंय का, हेही पाहा. ही चूक वरचेवर सापडते.

आयसीयूच्या रोजच्या दरात मॉनिटर, नर्सिंग, निवासी डॉक्टर धरले आहेत का? दरपत्रकात ‘समाविष्ट’ असं लिहिलेलं असेल आणि खाली मॉनिटरचे पैसे वेगळे असतील, तर ती ओळ वादाविना काढावी लागते.

व्हिजिट चार्ज पडताळायला सोपा. डॉक्टर रुग्णाला तपासतात तेव्हा केस पेपरवर तारीख-वेळेसह टीप लिहितात. टीप नाही तर व्हिजिट कशाची? ‘डॉक्टरांनी फोनवर विचारपूस केली’ हे कारण मिळालं तर फोनवरच्या विचारपुशीचा दर दाखवायला सांगा.

चाचण्यांसाठी रिपोर्ट मोजा. बिलात सीबीसी (रक्ताची साधी तपासणी) नऊ वेळा आणि फाइलमध्ये रिपोर्ट सहा, तर उरलेले तीन रिपोर्ट तरी द्या किंवा तीन ओळी काढा. एकाच पॅनेलमधल्या घटक चाचण्या पुन्हा सुट्या लावल्या आहेत का, तेही बघा.

शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ, सहायक आणि ओटीचे (शस्त्रक्रियागृहाचे) पैसे अनेकदा सर्जनच्या फीच्या टक्केवारीत ठरतात. त्यामुळे मूळ फी चुकीच्या वर्गाने लागली असेल तर चार ओळी एकदम चुकतात. आधी ती एक तपासा. पॅकेज ठरलं असेल तर त्यातल्याच गोष्टी बाहेर पुन्हा लावल्या नाहीत ना, याची खात्री करा.

हृदयातल्या स्टेंटची कमाल किंमत एनपीपीएने फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधली आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. स्टेंटची किंमत, ब्रँड, उत्पादक, बॅच क्रमांक बिलात स्वतंत्र दाखवावा लागतो. ‘कॅथ लॅब पॅकेज’मध्ये तो मुरवता येत नाही. गुडघ्याच्या इम्प्लांटच्याही कमाल किमती ऑगस्ट २०१७ पासून ठरलेल्या आहेत. वेष्टनावरचं स्टिकर फाइलला लावलेलं असतं, त्याचा फोटो घ्या.

फार्मसी हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात फलदायी भाग. हातमोजे, सिरिंज, कॅन्युला, आयव्ही सेट यांची संख्या दिवसांनी भागून पाहा. एका रुग्णाला दिवसाला किती हातमोजे लागतील याचा अंदाज कुणालाही बांधता येतो. औषध बंद केल्यानंतरच्या तारखांना ते लागलं आहे का, न वापरलेली औषधं परत गेली त्यांचे पैसे वजा झाले का, हे नर्सिंग शीटवरून कळतं. मध्यरात्री औषध बदललेल्या दिवसांकडे खास लक्ष द्या. जुनी मात्रा आणि नवी मात्रा दोन्ही त्या दिवशी लागलेल्या असतात.

आता ‘अदर्स’. फाइल चार्ज, अ‍ॅडमिशन किट, डिस्चार्ज प्रोसेसिंग, हाउसकीपिंग, पल्स ऑक्सिमीटर, रुग्णाच्या मनगटावरची पट्टी, चादर. विमा नियामकाने, आयआरडीएआयने, विमाधारकांच्या बिलांसाठी याद्या केल्या आहेत. वरच्या सगळ्या गोष्टी खोलीभाड्यातच धरायच्या म्हणून त्या यादीत आहेत. कापूस, गॉझ, सर्जिकल ब्लेड, एक्स-रे फिल्म शस्त्रक्रियेच्या किंवा तपासणीच्या खर्चात. नोंदणी शुल्क, इन्फ्युजन पंप, अल्कोहोल स्वॅब, युरिन बॅग उपचाराच्या खर्चात. विमा नसलेल्या रुग्णाला या याद्या कायद्याने लागू होत नाहीत. पण ‘विमा कंपनीकडून हे वेगळे घेत नाही, मग माझ्याकडून का?’ या प्रश्नाला बिलिंग मॅनेजरकडे सहसा पटणारं उत्तर नसतं. एकूण बिलावर टक्केवारीने ‘सर्व्हिस चार्ज’ लावला असेल तर तो दरपत्रकात कुठे छापलाय ते दाखवायला सांगा.

जीएसटी: दाखल रुग्णाच्या उपचारसेवेवर तो लागत नाही. जुलै २०२२ पासून, दिवसाला ५,००० रुपयांहून जास्त भाड्याच्या खोलीवर ५ टक्के आहे, आयसीयू वगळून. औषधाच्या एमआरपीत सगळे कर आधीच असतात, त्यावर पुन्हा कर लावता येत नाही.

काउंटरवर

हरकतींचा एक तक्ता करा: तारीख, ओळ, रक्कम, हरकत, आधार. आधार लिहिता येत नाही ती हरकत खाली ढकला. पंधरा कच्च्या मुद्द्यांपेक्षा पाच पक्के मुद्दे जास्त पैसे सोडवतात. काउंटरवरच्या क्लार्कला अधिकार नसतो, त्याच्यावर चिडून उपयोग नाही; बिलिंग मॅनेजर किंवा वैद्यकीय अधीक्षकांची वेळ मागा. डॉक्टरांशी स्वतंत्र बोला. कित्येकदा उपचार करणाऱ्या डॉक्टरला बिलातल्या ओळींची कल्पनाच नसते, आणि स्वतःची फी ते जागेवर कमी करून देऊ शकतात.

याच टप्प्यावर ‘बिल फार आहे’ ही तक्रारही मांडता येते, पण विनंती म्हणून. सवलत ही रुग्णालयाची मर्जी आहे, दुरुस्ती हा तुमचा हक्क आहे. आधी दुरुस्ती पूर्ण करून घ्या आणि मग सवलत मागा. उलटं केलंत तर चुकीच्या ओळी ‘दहा टक्के डिस्काउंट’खाली गाडल्या जातात.

आवाज चढू देऊ नका. नातेवाईकांची गर्दी, धक्काबुक्की, काच फुटणं, यातून बिल कमी होत नाही. उलट २०१० च्या राज्य कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई अशी शिक्षा होऊ शकते. त्यानंतर बिलाचा विषय मागेच पडतो.

पैसे बाकी आहेत म्हणून बरा झालेला रुग्ण अडकवून ठेवणं बेकायदेशीर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं आहे. वसुलीसाठी रुग्णालयाला दिवाणी मार्ग मोकळा आहे, रुग्णाची खाट हे तारण नव्हे. मृतदेह अडवणं तर मानवी हक्क आयोगाच्या सनदेतही साफ नाकारलेलं आहे. अशी वेळ आली तर ‘बिलासाठी रुग्णाला सोडत नाही असं लिहून द्या’ एवढं शांतपणे म्हणा. लेखी मिळणार नाही, पण पुष्कळदा दार उघडतं. न उघडल्यास ११२ वर फोन करा. बेकायदेशीर डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खालचा गुन्हा आहे.

व्यवहारात बहुतेक लोक भांडण नको म्हणून पैसे भरून घरी जातात. त्यात गैर काही नाही, फक्त भरताना रुग्णालयाच्या प्रतीवर आणि आपल्या प्रतीवर लिहा: ‘सोबतच्या यादीतील बाबींवर हरकत राखून रक्कम भरली.’ तारीख, सही. ते लिहू देत नसतील तर त्याच तासात रुग्णालयाच्या ईमेलवर हेच पाठवा. रोख भरू नका. कितीही घाईत पक्की पावती सोडू नका.

विमा असेल तर

विमाधारकाला रुग्णालय आणि विमा कंपनी अशा दोघांशी हिशेब करावा लागतो. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची विनंती आल्यावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. उशीर झाला आणि रुग्णालयाने त्यापायी जादा आकारलं तर ते कंपनीने सोसायचं. ‘टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) अजून आलं नाही’ म्हणत संध्याकाळ उलटली आणि एक दिवसाचं भाडं वाढलं, तर ते तुम्ही भरायचं नसतं. रुग्णालयाने विनंती किती वाजता पाठवली तेवढं मात्र विचारून ठेवा, कारण उशीर अनेकदा तिथेच झालेला असतो.

प्रमाणशीर कपात समजून घ्या. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ४,००० आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर कंपनी फक्त भाड्याचा फरक कापत नाही. डॉक्टरांच्या फीसारख्या खोलीशी जोडलेल्या खर्चाचाही निम्माच भाग देते. पण औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायचं सामान), इम्प्लांट, चाचण्या आणि आयसीयूचे पैसे यांवर ही कात्री चालवता येत नाही. कपातीचं पत्र आलं की आधी हे तपासा. इथे मोठ्या रकमा परत मिळू शकतात.

दावा नाकारला तर कारण पॉलिसीच्या नेमक्या कलमासह लेखी मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, मग १५५२५५ किंवा ‘बीमा भरोसा’ पोर्टल. महिनाभर उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. वकील लागत नाही, शुल्क नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षात जायचं असतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत.

घरी आल्यावर: पत्र आणि पुढच्या पायऱ्या

पहिलं पत्र रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना. एका पानाचं, विशेषणं न लावता. साधारण असं:

‘मी / माझे नातेवाईक आपल्या रुग्णालयात दि. … ते दि. … दाखल होतो/होते. बिल क्र. …, रक्कम रु. … . ही रक्कम हरकत राखून भरली आहे. सोबतच्या तक्त्यातील … बाबींची एकूण रु. … इतकी आकारणी केस पेपर, दरपत्रक किंवा छापील किमतीशी जुळत नाही. कृपया (१) प्रत्येक बाबीचा लेखी खुलासा द्यावा, (२) न जुळणारी रक्कम परत करून सुधारित बिल द्यावे, (३) संपूर्ण केस पेपरची प्रत नियमानुसार ७२ तासांत द्यावी. १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी पर्यवेक्षी प्राधिकरण व ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.’

हाती देऊन पोच घ्या किंवा पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. धमकीचा सूर एवढाच पुरे. समाजमाध्यमांवर आधी पोस्ट टाकून मग पत्र पाठवण्याची घाई करू नका; रुग्णालयाचे वकील पत्रापेक्षा पोस्टला लवकर उत्तर देतात आणि ते बदनामीच्या नोटिशीचं असतं.

पंधरा दिवसांनी कुठे जायचं हे हरकतीच्या प्रकारावर ठरतं. सगळीकडे एकच अर्ज पाठवला की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. दरपत्रक नाही, तपशीलवार बिल नाही, औषधं आतूनच घ्यायची सक्ती, रुग्ण अडवला, अशा तक्रारी पालिकेच्या आरोग्य विभागाच्या किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या तक्रार निवारण कक्षाकडे. एमआरपीपेक्षा जास्त आकारणी असेल तर वैध मापन शास्त्र विभाग. औषध किंवा स्टेंट कमाल किमतीच्या वर असेल तर एनपीपीए, तिथला टोल-फ्री क्रमांक १८०० १११ २५५. धर्मादाय योजनेचा लाभ नाकारला तर जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्तांचं किंवा उपायुक्तांचं कार्यालय. डॉक्टरने नोंदी नाकारल्या किंवा कमिशन घेऊन चाचण्या लिहिल्याचा पुरावा असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. मात्र परिषद पैसे परत मिळवून देत नाही, ती डॉक्टरच्या वर्तनाचा निवाडा करते. जन आरोग्य अभियानासारख्या संघटना रुग्णहक्कांवर राज्यात बरीच वर्षं काम करतात. पत्र लिहिण्यापूर्वी त्यांच्या स्थानिक कार्यकर्त्याशी बोललात तर कोणत्या कार्यालयात हालचाल होते हे कळतं.

पैसे परत मिळवण्याची खरी जागा म्हणजे ग्राहक आयोग. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात ठरवलं. सगळ्यांना सरसकट मोफत सेवा देणारी रुग्णालयं तेवढी बाहेर राहतात. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, काही प्रकरणं तिथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा आयोगात तक्रार. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. लातूरच्या रुग्णाने पुण्यातल्या बिलासाठी पुण्याला खेपा घालायची गरज उरलेली नाही. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करा. वकील ऐच्छिक आहे. बिलाच्या हरकतीत हिशेबाचा तक्ता स्वच्छ असेल तर तो स्वतः मांडता येतो. उपचारातल्या निष्काळजीपणाचा मुद्दाही जोडायचा असेल तर मात्र वकील आणि तज्ज्ञ डॉक्टरचं मत दोन्ही लागेल, आणि प्रकरण लांबेल. माझा सल्ला असा की दोन्ही मुद्दे खरोखर असतील तरच जोडा, बिलाच्या तक्रारीला जोर यावा म्हणून निष्काळजीपणा चिकटवू नका. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. अर्ज-विनंत्यांत ती थांबत नाही, म्हणून डिस्चार्जची तारीख आणि दोन वर्षांनंतरची तारीख फाइलच्या कव्हरवरच लिहा.

यातल्या कुठल्याही टप्प्यावर रुग्णालयाकडून ‘मिटवून टाकू’ असा फोन येऊ शकतो. जा, ऐका. रक्कम ठरली तर ती बँक खात्यात घ्या आणि सुधारित बिल मागा, नुसतं क्रेडिट नोट किंवा पुढच्या तपासणीवर सूट घेऊ नका. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असं लिहिलेल्या कागदावर सही केली की उरलेल्या ओळी, आणि उपचाराबद्दलची तक्रार असेल तर तीही, पुढे मांडणं अवघड होतं. फक्त ज्या बाबींचे पैसे मिळाले त्यांची नावं त्या कागदावर असू द्या. विम्यातून बिल भागलं असेल तर सुधारित बिलाची प्रत कंपनीला पाठवा. परत आलेल्या रकमेत कंपनीचा हिस्सा असतो, आणि तो तुमच्या वर्षाच्या विमा रकमेत पुन्हा जमा व्हायला हवा, तेही त्याच पत्रात मागा.